पोळ्यांचं सुतक

माझी वहिनी एर्सीलिया जन्माची भित्री. वीज चमकली की घरातले आरसे झाकायची, बेडूक दिसला की खुर्चीवर चढायची, आणि दाताच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं की आदल्या दिवसापासूनच तिचं पोट बिघडायचं. आता वाडीत कुणी तिचं नाव काढलं की लोक म्हणतात, “काय धाडसी बाई होती!” मला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर रागही येतो. ज्याला भीतीच वाटत नाही त्याचं कौतुक कसलं? वहिनीला सगळ्याची भीती वाटायची, आणि सगळ्यात जास्त माझ्या आईची.

आईला अख्खी वाडी नोना, म्हणजे आजी, म्हणायची. मी पाळण्यात असताना वडील गेले, तेव्हापासून आई काळ्यात. घोट्यापर्यंत काळा घागरा, मनगटापर्यंत काळा ब्लाउज, काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल. साओ पाउलोपासून आत, आमच्या त्या लाल मातीच्या उन्हात कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून बसायच्या, आणि आमची आई तशा उन्हात जाबुतिकाबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून शेंगा सोलत बसायची. वर्षाचं सुतक फिटलं की बाकीच्या विधवा रंगीत घालायला लागत. आई म्हणायची, “त्यांचे नवरे वर्षापुरतेच मेले असतील.”

सून म्हणून तिला वहिनी कधीच पटली नाही. वहिनी उत्तरेकडच्या बाहिया प्रांतातली, सावळी, हसरी. आमच्यासारखी इटलीहून आलेल्यांच्या घरातली नव्हे. “हिला मक्याचा पोलेंटा ढवळता येत नाही,” ही आईची तक्रार लग्नाच्या दिवसापासून सुरू होती, आणि वहिनीनं आईहून चांगला पोलेंटा केला तरी ती थांबली नाही.

त्याच जाबुतिकाबाच्या पलीकडे आमच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. आजोबांनी जहाजातून आणलेल्या माश्यांचा वंश. सोनेरी, आळशी, गरीब स्वभावाच्या. माझा भाऊ बोर्तोलो उघड्या अंगानं पेटी उघडायचा. लहानपणी मी त्या पेट्यांच्या सावलीत बाहुलीला जेवू घालायची. आम्हाला माशीची भीती हा प्रकारच ठाऊक नव्हता, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

हिम पडून कॉफी जळाली तेव्हा आमच्या भागातल्या सगळ्यांनी संत्री लावली. त्यानंतर काही वर्षांनी, साठ सालच्या आगेमागे, बोर्तोलो एका संध्याकाळी खिशात काडेपेटीएवढा पिंजरा घेऊन आला. आत एक राणीमाशी होती. कुणाकडून आणली ते त्यानं सांगितलं नाही, पण सांगण्यासारखं बाकी पुष्कळ होतं.

“आफ्रिकेची माशी आणि आपली माशी, दोघींचा संकर आहे हा,” तो जेवताना म्हणाला. “आपल्या माश्या म्हणजे जमीनदारांच्या बायका. ऊन चढलं की घरात. ही उजाडायच्या आत कामाला लागते, भर दुपारी थांबत नाही, भुरभुर पावसातही जाते. अशी माशी संत्र्याच्या फुलावर पडली तर फळ कसं धरेल बघा! घोडी आणि गाढवाचं खेचर होतं ना, तसं.”

“खेचर लाथ मारतं,” नोना म्हणाली.

“ओझंही तेच वाहतं, आई.”

वहिनीनं पिंजऱ्यापासून खुर्ची मागे सरकवली. “चावते का रे?”

“माशीच आहे, मुका घेणार आहे का?” बोर्तोलो म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

त्याचं म्हणणं खरं ठरलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्या राणीच्या पेटीत मध दुप्पट उतरला. आमच्या पेट्या फुलोऱ्यात शेजारच्या ओकुबोच्या बागेत जायच्या. ओकुबो जपानी, मोजून बोलणारा माणूस. त्या वर्षी त्याच्या झाडांना फळांच्या ओझ्यानं टेकू द्यावे लागले. तो स्वतः संत्र्यांची टोपली घेऊन आला आणि आदबीनं म्हणाला, “सेउ बोर्तोलो, पुढच्या वर्षी याच माश्या. दुसऱ्या नकोत.”

पण दुसऱ्या उरणारच नव्हत्या. गाय दावणीला बांधता येते, तिला कोणता वळू दाखवायचा हे आपण ठरवतो. नवी राणी मात्र उंच आकाशात उडत जाते आणि तिथं ज्या नराची गाठ पडेल त्याच्याशी तिचं लग्न लागतं. आकाशाला कुंपण कोण घालणार? दोन उन्हाळ्यांत आमच्या एकेका पेटीतल्या माश्या बारीक आणि काळपट होत गेल्या. बोर्तोलोला डंख जास्त बसायला लागले. तो फिका सदरा आणि गवती टोपी घालायचा, हात चोळायचा आणि म्हणायचा, “रक्त नवं आहे, जरा गरम असणारच.”

मग जुलैत, आमच्याकडच्या ऐन थंडीत, तो दुपारी कॉफी पिऊन आडवा झाला तो उठलाच नाही. माश्यांचा त्यात काही संबंध नव्हता. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाला.

मागच्या अंगणात कढई चढली. वहिनीचे सगळे कपडे काळ्या रंगात उकळले. तिचा फुलाफुलांचा झगा त्या पाण्यात बुडताना मी पाहिला आणि मला दुसऱ्यांदा रडू फुटलं. त्या गोंधळात आमच्या घराण्याची एक रीत करायची राहून गेली. घरधनी गेला की पोळ्यांना सांगायचं असतं. घरातल्या मोठ्या बाईनं दाराच्या किल्लीनं प्रत्येक पेटीवर ठोकायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि पेटीला काळी फीत बांधायची. मग माश्याही सुतक पाळतात, रागावत नाहीत, घर सोडून जात नाहीत. आजोबा गेले तेव्हा आजीनं केलं होतं, वडील गेले तेव्हा आईनं. या वेळी कुणालाच आठवलं नाही.

सप्टेंबरात संत्र्याला फूल आलं. घरात पुरुष माणूस नाही, तेव्हा पेट्या वहिनीनं बघायच्या ठरल्या. तोंडावर जाळी, हातात धुराचा डबा, आणि बाकी डोक्यापासून पायापर्यंत काळं. पहिली पेटी तिनं जेमतेम उचकटली आणि आतून जे बाहेर आलं त्याला मी काय म्हणू? आवाज आधी आला. कढईत गरम तेलात ओलं काही पडावं तसा. वहिनी धावत स्वयंपाकघरात शिरली, मी दार लावलं, आणि आम्ही तिघी टेबलाखाली बसून ओल्या टॉवेलनं माश्या मारत राहिलो. सगळं शांत झाल्यावर आई म्हणाली, “माझ्या मुलाला हे कधी केलं नव्हतं त्यांनी. हात ओळखतात हो माश्या.”

वहिनी मेलेल्या माश्या केरात लोटायला लागली. तिचे दात वाजत होते.

त्यानंतर रोज काहीतरी व्हायला लागलं. कपडे वाळत घालताना माश्या यायच्या. चर्चला निघालं की फाटकापर्यंत मागे यायच्या. अंगणात जाताना मी आधी कान लावून ऐकायची. घरात कुणी जोरात बोलेनासं झालं. आपल्याच दारात आपण चोरासारखं वावरायचं, याचा मला भयंकर संताप यायचा, पण संतापापेक्षा भीती मोठी होती. आई तेवढी त्याच झाडाखाली त्याच खुर्चीवर बसायची. तिचे गुडघे गेले होते. घरातून झाडापर्यंत यायलाच तिला काठी आणि माझा खांदा लागायचा. उद्या उठलंच आग्यामोहोळ, तर ती पळणार कशी, हा विचार वहिनीच्या डोक्यात घर करून बसला.

मग ओकुबोच्या खेचराचं झालं.

ओकुबो फळ कसं धरलंय ते सांगायला आला होता. गाडीला दोन खेचरं होती, एक करडं आणि एक काळंभोर. फाटकाशी बांधून तो आत आला आणि कॉफीचा पहिला घोट घेतो न घेतो तोच बाहेर ओरडणं सुरू झालं. खेचर तसं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. काळ्या खेचराचं अंग हलताना दिसत होतं, पण ती त्याची कातडी नव्हती, वर बसलेल्या माश्या होत्या. हवेत पिकल्या केळ्यांचा दाट वास पसरला होता. बोर्तोलो नेहमी सांगायचा, डंखांचा वास केळ्यासारखा येतो, तो आला की पेटी मिटून निघून जायचं. ओकुबोनं जळतं गवत घेऊन तीनतीनदा जवळ जायचा प्रयत्न केला. अंधार पडायच्या आत ते जनावर मेलं. शेजारी त्याच दाव्याला बांधलेल्या करड्याला मोजकेच डंख होते.

ओकुबो त्याच्याजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, “दोना एर्सीलिया, माश्या मारू नका. फळ फार चांगलं आहे. शनिवारी मी दुसरं जनावर मागून आणतो, आपण पेट्या लांब निलगिरीच्या रानात हलवू.” त्याचं खेचर समोर मरून पडलं होतं, तरी तो हे म्हणाला. संत्र्यांनी त्यालाही बांधून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी वहिनी चुलीपाशी बसून पायातला मोजा उलटा करून बघत होती. मोज्यात माश्यांचे काटेच काटे. उघड्या हातांवर मात्र बोटांवर मोजता येतील एवढेच.

“नोना,” ती हळूच म्हणाली, “त्या काळ्यावर येतात.”

“कशावर?”

“काळ्या रंगावर. खेचर बघा, माझे मोजे बघा. तुम्ही झाडाखाली बसू नका. नाहीतर निदान दुपारी बसताना तो पांढरा—”

“आलं लक्षात,” आई म्हणाली. “सरळ सांग ना, तीन महिन्यांत कंटाळा आला म्हणून. माश्यांच्या आडून कशाला बोलतेस? माझ्या मुलाची माती अजून ओली आहे.”

वहिनीचा चेहरा राखेसारखा झाला. मी म्हटलं, “आई, काय बोलतेस तू हे?”

“तू गप्प बस, लिओंतिना. मला कळतंय काय झालंय ते. त्यांना कुणी सांगितलंच नाही. धनी कुठं गेला ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून पिसाळल्यात. चूक आपली आहे.”

आणि तिनं कपड्यांच्या पेटीतून जुना घागरा काढला आणि फिती कापायला बसली. वहिनी तिच्या पायाशी बसली. तिनं आईचा हात धरला. उभ्या आयुष्यात तिनं हे पहिल्यांदा केलं असेल. “नोना, शनिवारपर्यंत थांबा. पेट्या हलवू, मग मी स्वतः सांगेन त्यांना, तुम्ही म्हणाल तसं. पण काळं घेऊन जाऊ नका हो. तुमच्या पाया पडते.”

“किल्ली मोठ्या बाईच्या हातात असते,” आई म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

शुक्रवारी दुपारी मी आणि वहिनी विहिरीवर धुणं धूत होतो. आई आत झोपली होती, असं आम्ही समजत होतो. आधी मला कळलंच नाही तो आवाज कशाचा. लाकडावर लोखंड. ठक, ठक, ठक. आणि मग आईचा आवाज, मोठ्यानं, चर्चमध्ये लावते तसा: “बोर्तोलो गेला. तुमचा धनी गेला.”

वहिनीच्या हातातून साबण पडला.

घराच्या कोपऱ्यावरून वळलो तेव्हा आईनं दोन पेट्यांना फिती बांधल्या होत्या. त्या वाऱ्यावर फडफडत होत्या आणि त्यांच्यावर माश्या लगडल्या होत्या. आई तिसऱ्या पेटीपाशी वाकली होती. तिनं मान वर केली आणि एक क्षण तिच्या चेहऱ्यावर फक्त आश्चर्य होतं. मग तिनं दोन्ही हात डोळ्यांवर घेतले, काठी पडली, आणि ती गुडघ्यांवर बसली. आवाज एवढा वाढला की तिची किंकाळी ऐकूच आली नाही, नुसतं उघडं तोंड दिसलं. आणि तो केळ्यांचा वास.

वहिनी जागच्या जागी थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं आता ही मागे वळणार, आणि वळली असती तर मी तिला दोष दिला नसता. माझे स्वतःचे पाय हलत नव्हते. पण तिनं ब्लाउजची बटणं तोडली. घागरा खाली ओढला, पायातून मोजे ओरबाडले. अंगावर राहिला पिठाच्या पोत्याचा शिवलेला पांढरा परकर आणि बंडी, पाठीवर गिरणीचा फिकट झालेला शिक्का. तिनं विहिरीवरून हातातच आलेल्या बादलीतली ओली पांढरी चादर उचलली.

“धूर कर!” ती माझ्यावर ओरडली, आणि धावली.

मी चुलीतले निखारे रॉकेलच्या रिकाम्या डब्यात भरले, वर ओलं गवत कोंबलं. माझे हात भाजले ते मला रात्री कळलं. बाहेर आले तेव्हा वहिनीनं आईला चादरीत गुंडाळलं होतं आणि तिला काखेत धरून ती मागे मागे ओढत होती. आईला उचलणं जमेना, तेव्हा तिच्या अंगावर पालथी पडली, परत उठली, परत ओढलं. केस मात्र तिचे काळे होते, आणि ते झाकायला काही नव्हतं. डोक्यावर माश्यांची टोपी बसली होती. मी धुरात डोळे मिटून दोघींना धरलं आणि आम्ही कशाबशा दारात पडलो.

माझ्या किंकाळ्या ऐकून ओकुबो धावत आला. त्यानं वहिनीला परकरात पाहिलं, तोंड फिरवलं, पाठमोऱ्यानंच आपला कोट तिच्या अंगावर टाकला, आणि डॉक्टरला आणायला करड्या खेचरावर बसून गेला.

माश्यांचं पुढं काय झालं ते सांगते, कारण लोक तेच विचारतात. पेट्या निलगिरीच्या रानात गेल्या. मारून टाकायचं मी म्हटलं होतं. पण तोवर तशाच माश्या ओकुबोच्या कुंपणाच्या खांबात, पडक्या वीटभट्टीत, स्टेशनच्या छपरात जाऊन बसल्या होत्या. किती मारणार? वहिनी मरेपर्यंत त्याच माश्या पाळत राहिली, माणसांपासून लांब, भरपूर धूर करून. जत्रेच्या तोंडावर कुठं पोळं बसलं की तिलाच बोलावणं यायचं. जायच्या आधी ती परसात जाऊन ओकायची, मग तोंड धुऊन निघायची. ओकुबोची संत्री गाड्या भरभरून गेली. फळ गोड होतं, नाही म्हणत नाही. मी मात्र ते खाताना कधी शांत बसले नाही.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारच्या संध्याकाळचं. डॉक्टरनं दोघींना इंजेक्शनं दिली. आई वाचणार म्हणाला, चादर वेळेवर पडली. वहिनीबद्दल तो काही बोलला नाही. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. एक डोळा पूर्ण मिटलेला, दुसऱ्याची नुसती फट. अंग तापानं फणफणलेलं. मी सुरीच्या पाठीनं तिच्या मानेवरचे काटे खरवडत होते.

आई भिंतीला धरत धरत दारात आली. सुजलेली, फाटलेला काळा घागरा तसाच, डोक्याला काळा रुमाल. वहिनीनं त्या फटीतून ती आकृती पाहिली आणि ती किंचाळली. दुपारी इतकं होऊनही ती किंचाळली नव्हती. आता ती भिंतीकडे सरकत होती, पलंगावरून पडायच्या बेतात आली, आणि एकच म्हणत होती, “काढा! काढा ते! येतील! नोनावर येतील!”

मी तिला धरायला गेले, तर माझ्या हातातून सुटायला लागली. “आई, तू बाहेर जा,” मी म्हटलं.

आई गेली नाही. ती सुनेकडे बघत उभी राहिली. तापात, आंधळी झालेली, जीव जातोय की राहतोय कळत नाही, तरी ती घाबरत होती ती सासूसाठी. मग तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला. तिचे केस मी कधी पाहिले नव्हते, पिंजलेल्या कापसासारखे पांढरे. सुजलेल्या बोटांनी बटणं निघेनात, म्हणून तिनं गळ्यापाशी धरून ब्लाउज फाडला. घागरा पायाशी पडला. माझ्या वडिलांच्या मरणापासून अंगावर असलेलं ते सगळं ओलांडून ती नुसत्या आतल्या शुभ्र झग्यात पलंगापाशी आली.

“रागावू नका रे बापलेकांनो,” ती वर बघून म्हणाली. मग वहिनीच्या उशाशी बसली, तिचा हात ओढून घेतला आणि आपल्या छातीवरच्या पांढऱ्या कापडावर दाबून धरला.

“हे बघ पोरी, हात लावून बघ. काढलं मी. नाही येणार आता.”